वखारीतलं कॉलेज

शनिवार, संध्याकाळ

संस्थेच्या बैठकीत आज अध्यक्ष म्हणाले, "हे कॉलेज बंद करू, मुलं सावंतवाडीला जातील." मी इथली प्राचार्य, पण मला आधी विचारलंसुद्धा नाही. सुक्या मासळीच्या वखारीत पहिला वर्ग भरवला, तेव्हा हे कुठे होते? आता तिथे प्रयोगशाळा आहे. मासळीचा वास मात्र अजून जात नाही, आणि न जावो. तरी मी गप्प बसले. का बसले?

उठली ती रोझी, त्या पहिल्या वर्गातली, आता इथेच शिकवते. "ह्या कॉलेज नसता तर माका कोण सावंतवाडीक धाडणार होतो?"

मग मीही उठले. म्हटलं, "कुलूप लावायचंच तर आम्हाला आत ठेवून लावा."

त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ढकलू देत. उद्या रविवार असला तरी मी नवे प्रवेश सुरू करणार.