कपाटामागची झडप

२ जुलै, बुधवार

चिपळूणचे गिऱ्हाईक अनिलकाका, त्यांचा तिसरा फोन. कॅरव्हॅनच्या छतातून अजून पाणी येतंय. आधी छतातल्या पंख्याच्या कडेने नुसते थेंब होते, आता पलंगाच्या उशाशी ओल. मी नेहमीचं पत्र पाठवलं — पाण्याचा फवारा मारून गाडी धुतल्यास वॉरंटी लागू नाही.

त्यांनी गाडी धुतलेलीच नाही. जुलैत कोकणात गाडी धुतो कोण!

पत्रातलं ते वाक्य कारखान्याचे मालक गुरुप्रसादशेठ यांनी मला दोन वर्षांपूर्वी तोंडी सांगितलं होतं. आता पाठ झालंय.

३ जुलै

दापोलीहून दुसरी तक्रार. तीच जागा — पंख्याची कड.

५ जुलै, शनिवार

रजिस्टर काढलं. दोन्ही गाड्या एप्रिलमधल्या. त्या महिन्यात सात गाड्या बाहेर पडल्या. सातही छतांचे सांधे बाबांनी भरलेले, आणि तपासणीच्या सातही कागदांवर माझी सही.

बाबांनी हयातभर मिरकरवाड्यात होड्या बांधल्या. फायबर आलं तसे फायबर शिकले. टेम्पोवर पलंग, ओटा, न्हाणी बसवून फिरतं घर करायचं काम शेठनी इथे एमआयडीसीत सुरू केलं, तेव्हा मीच बाबांना आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातला — कारखान्याचं घरात बोलायचं नाही. "बापाचं काम लेक पास करते असं कोणी म्हणता नये." तीन वर्षं आम्ही एकाच स्कूटरवरून जातो-येतो आणि कामाचं अवाक्षर काढत नाही.

पण एप्रिलपासून बाबा बाकीचंही बोलेनासे झालेत. जेवताना मान खाली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते फार जाणवतं. आता कारण कळलं. एकोणसत्तर वय. परवा बटण लावायचं होतं तर सुईत दोरा मला ओवायला दिला. हात चुकला असणार, आणि चुकला हे त्यांना ठाऊक असणार.

मी कोणाला सांगणार नाही. माझ्या बापाचं नाव अशा कागदात नको.

८ जुलै, मंगळवार

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाबाचं औषध आणायचंय असं खोटं सांगून! डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम, जवळचा चष्मा तेवढा बदला.

परतताना बाबा म्हणाले, "डोळ्यांना काय झालेलं नाय गो माझ्या. तुझे दाखवलेस कधी?"

इतका राग आला. ज्यांच्यासाठी झाकून ठेवतेय तेच टोमणा मारतात.

१० जुलै, गुरुवार

अनिलकाका स्वतःच आले, एसटीने. चौतीस वर्षं पोफळीच्या वीजघरात नोकरी. निवृत्त झाल्यावर कमळाकाकूंना देश दाखवायचा म्हणून गाडी घेतली. काकू कॉलनीबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या म्हणे. बरोबर एक वही आणली होती, तीत आकृती — पाणी कुठून शिरतं, कुठून वायरीवर उतरतं. सगळं पट्टीने आखलेलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेठनी चहा मागवला आणि माझंच पत्र वाचून दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "शेठ, मी आयुष्यभर पाण्यातून वीज काढली. ही दोघं नको तिथे भेटली की काय होतं, ते मला शिकवू नका."

मग शेठनी मला तपासणीचा कागद काढायला सांगितला. वॉटर टेस्ट, एक तास — बरोबरची खूण. कपाटामागची झडप उघडून आतला सांधा पाहिला — बरोबरची खूण. काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मला विचारलं, स्वतः पाहिलंत का?

हो म्हटलं.

इथे तरी खरं लिहिते. मेच्या सुट्टीआधी सात गाड्या द्यायच्या होत्या. पाणी दहा मिनिटं सोडलं. झडप उघडलीच नाही. सामान बसवलेल्या कपाटामागे दोन स्क्रू, अर्धा तास मोडतो — आणि छत बाबांचं! बाबांनी भरलेल्या सांध्यात काय बघायचं?

१३ जुलै, रविवार

कमळाकाकूंना शॉक बसला.

मालगुंडला मुक्काम होता. माझ्या 'हो'वर भरवसा ठेवून काकांनी छतावर ताडपत्री बांधली आणि बाहेरची वीज जोडली होती. सकाळी उठून त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. फेकल्या गेल्या. तळहात भाजला, मनगट मोडलं. वाचल्या. काकांनीच फोन केला. दोष दिला नाही, फक्त म्हणाले, आता पत्र नका पाठवू.

मी हो म्हटलं होतं. तोंडावर.

१४ जुलै, सोमवार

शेठकडे गेले. सातही गाड्या परत बोलवा म्हटलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, बोलवू, पण चूक कोणाची तेही लिहावं लागेल, आणि सांधे भागोजींनी, तुझ्या वडिलांनी, भरलेत. बघ बाई, विचार कर. आवाज अगदी मऊ.

घरी येऊन नियम मोडला. बाबांना सगळं सांगितलं — काकू, कागद, शेठ. तुमच्या हातून चूक झाली असेल तर होऊ दे, आपण मिळून निस्तरू, असंही म्हटलं.

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "गाडी आण," म्हणाले. "झडप माझ्यासमोर उघड."

१६ जुलै, बुधवार

काकांनी गाडी आणली. बाबा, शेठ, काका — तिघं दाराशी उभे. मी कपाट सोडवलं आणि दोन स्क्रू काढले.

आतली फळी काळी पडलेली, बुरशी. बॅटरी मारली तर पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षर बाबांचं, त्यांच्या कानावर कायम असते त्याच जाड पेन्सिलीचं. पाण्याने पुसलं नव्हतं.

"छत कच्चं. सुकायला दोन दिवस मागितले, शेठनी दुपारपर्यंतच वेळ दिला. पाणी सोडून बघावं. सही करू नये. भागोजी, ९ एप्रिल."

होडीवाल्यांची रीत. काम अपुरं राहिलं तर आतल्या फळीवर लिहून ठेवायचं, होडी ताब्यात घेणाऱ्याने वाचायचं. लहानपणी आजोबांच्या हातचं असं लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. विसरले कशी!

काकांनी ते मोठ्याने वाचलं. शेठ केबिनमध्ये निघून गेले. दुपारी सातही मालकांना मी फोन केले — मेन स्विच बंद करा, गाडीत कोणी झोपू नका. शेठना विचारलं नाही.

१७ जुलै

आज स्कूटरवर बाबांना सांगितलं, मी झडप कधी उघडलीच नव्हती. सातांतली एकही नाही.

मारुती मंदिराशी त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "तीन महिने मला वाटत व्हतं, फळीवरचं वाचून सही केलीस."