परक्या पोराला तीन सीझन

प्रिय सुधीर,

तुला पत्र लिहायची ही काय वेळ! कुकर लावलाय, ओंकार दार लोटून आतल्या खोलीत बसलाय आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. पण आज तुझ्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. जाऊन दीड वर्ष झालं म्हणून तू सुटलास असं समजू नकोस.

आपल्या लेकाचा सीएच्या परीक्षेतला ऑडिटचा पेपर दुसऱ्यांदा राहिला. परवा निकाल लागला.

आज शुक्रवार, कुवेतची सुट्टी. तुझ्या नियमाप्रमाणे सकाळी पोहे आणि रेकॉर्ड करून ठेवलेला रविवारचा अमेरिकन फुटबॉलचा सामना. तोवर घरात स्कोअर कुणी उच्चारायचा नाही! इथल्या अमेरिकन लष्करी कॅम्पच्या स्टोअरमध्ये नोकरी करता करता लागलेलं तुझं हे वेड. मला त्यातलं इतकंच कळतं, की क्वार्टरबॅक नावाचा एक मुलगा चेंडू घेऊन उभा राहतो, कुणाकडे फेकायचा ते त्याने क्षणात ठरवायचं, आणि तेवढ्यात धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर धावून येतात. चुकला की सगळं खापर त्याच्यावर.

तुझा तो लाडका क्वार्टरबॅक आठवतो ना? कॉलेजातून नुकता आलेला. फेकलेला चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात! ओंकार चिडायचा, "ड्रॉप हिम, बाबा!" तू मात्र शांत. "अरे, नवीन आहे. अजून त्याला मैदान दिसत नाहीये. थांब जरा, उभं राहील पोरगं." एक सीझन, दोन सीझन, तीन! पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तू त्याची वकिली करायचास. मला किती कौतुक वाटायचं तुझं.

आणि ओंकारचा पेपर पहिल्यांदा राहिला तेव्हा? नऊ दिवस तू त्याच्याशी बोलला नाहीस. जेवताना मीठ हवं असलं तरी मला सांगायचास, "त्याला म्हणावं, मीठ दे." तो समोर बसलेला! मी आपली निरोप पोचवत राहिले. का नाही ओरडले तुझ्यावर? नंतर बोलायला लागलास, पण कामापुरतं. आणि महिन्याभरात तू गेलासच.

आज टीव्हीवर नवाच पोरगा होता. तीनदा चेंडू घालवला. ओंकार म्हणाला, "बेंच हिम!" मी सवयीने बोलून गेले, "अरे, वेळ दे की त्याला. बाबा काय म्हणायचे?"

टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "बाबा ते टीव्हीला सांगायचे, आई. मला नाही."

सुधीर, मी पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले.

कारण काल मी काय केलं ते तुला माहीत नाही. सांगलीला दादाला फोन केला. म्हटलं, ओंकारच्याने हे व्हायचं नाही, तुझ्या औषधांच्या दुकानात घे त्याला. त्याला न विचारता! आणि त्याने ते ऐकलंय. फरवानियातल्या ह्या फ्लॅटच्या भिंती किती पातळ आहेत, तुला ठाऊकच आहे.

मला भीती वाटते रे. मिरकाबच्या ऑफिसातली माझी नोकरी आज आहे, उद्याचं कुणी सांगावं? नोकरी आहे तोवर इथे राहायचा इकामा, आणि इकामा आहे तोवर कुवेत. जीवाला सारखी घाई लागलेली असते. पण आईला घाई झाली म्हणून का मुलाला ऑडिट येतं?

तर ऐक. हे पत्र संपवून दादाला नको म्हणून कळवते. पेपर पुन्हा द्यायचा की नाही ते ओंकार ठरवेल, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन. आणि आत्ता त्याच्या खोलीत जाऊन त्याला सांगणार आहे, की बाबा तुझ्या बाबतीत चुकले. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. तुला राग आला तर येऊ दे! मीही चुकले, हेही सांगेन. पण आधी तुझं. कारण तो अजून तुझ्या तोंडून ते ऐकायची वाट बघतोय, आणि तू तर आता बोलायचा नाहीस.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
वैशाली