नुसते पाय भिजवू का?

प्रिय दादा,

तुला नि वहिनीला नमस्कार, चिमणीला गोड पापा. वहिनीचा खोकला थांबला का?

आम्ही दोघी मजेत आहोत, आई ठणठणीत आहे. येताना बोटीत लाइफ जॅकेट घट्ट बांधूनच तिला बसवलं. इथे बेटावर सगळे भाड्याच्या स्कूटरवर हुंदडतात, पण रस्ते उताराचे, म्हणून आम्ही टॅक्सीनेच फिरलो. ड्रायव्हर इतका सावकाश चालवायचा, की आई म्हणाली, "बाबा रे, बैल जुंपलेत का?"

निघताना तू बजावलं होतंस, "आईला पाण्यात जाऊ देऊ नकोस." मी ते फारच मनावर घेतलं. ती रोज विचारायची, "नुसते पाय भिजवू का गं?" मी म्हणायचे, "आज लाटा मोठ्या आहेत, उद्या बघू." खरं तर तिथे लहान पोरं खेळत होती.

काल मीच म्हटलं, चल. पण किनाऱ्यावर लाल बावटा लागलेला. जीवरक्षक म्हणाला, "आजी, वादळ येतंय. आता आठवडाभर पाण्यात उतरायला बंदी."

आई हसून मला म्हणाली, "असू दे गं. डोळे भरून पाहिला ना समुद्र."

वादळ यायच्या आत उद्या पहाटे आमची बोट सुटेल म्हणतात, काळजी करू नकोस.

आत्ता तिची बॅग भरत होते. तळाशी एक जुनी सुती साडी निघाली, इथे आल्यापासून घडीही न मोडलेली. "ही कशाला आणलीस?" म्हटलं, तर म्हणाली, "भिजायला."

दादा, घरी आल्यावर तिला समुद्राचं काही विचारू नका. चिमणीलाही सांगून ठेव.

तुझीच,
धाकटी