एका घरात दोन बाटल्या

३ मार्च

तीन लिटर! माणूस आहे की टाकी! डॉक्टरीणबाईंनी मात्र शांतपणे सांगितलं — बारीक मूतखडा आहे, भरपूर पाणी प्या, आपोआप पडून जाईल. नाही पडला तर? तर तुमची किडनी मिस्टरांना देता येणार नाही. खडा गेल्याशिवाय पुढच्या तपासण्याच नाहीत.

रक्त जुळलंय. लग्न झाल्यापासून आमचं दुसरं काही जुळलं नाही, ते जुळलं. आणि मध्ये हा वाळूच्या कणाएवढा खडा!

४ मार्च

घरात गंमतच आहे. ह्यांना दिवसाला एक लहान बाटली, तीही चहा धरून. किडन्या बसल्यात, त्यामुळे प्यायलेलं बाहेर पडत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन ते ओढून काढतं. जास्त झालं की छातीत पाणी चढतं, धाप लागते.

म्हणजे ह्यांना मोजून घोट, आणि मला तांब्यावर तांब्या. ह्यांच्यासमोर कसं प्यायचं? ओठ फुटलेत त्यांचे. माझी बाटली कपाटात चादरींमागे ठेवली. येता-जाता दोन घोट मारते. चोरासारखं — स्वतःच्या घरात!

६ मार्च

लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहिलं की अर्धं घामात जातं. उरलेलं पोटात घेऊन दोन जिने उतरायचे, बायकांचा संडास तळघरात. आज परत निघाले तर मुकादमीण म्हणाली, "ताई, इस्त्रीचं टेबल खालीच लावून देऊ का?" सगळ्या खिदळल्या. हसू देत. पण जेवणानंतर प्यायलेच नाही. नको ती कटकट. घरी जाऊन पिऊ.

९ मार्च

कपाटातली बाटली सकाळी भरलेली. उरलेली संपवावी म्हणून आता काढली — रिकामी. सकाळच्या घाईत मीच घटाघटा संपवली असणार. चादरींच्या घड्याही वाकड्या झाल्यात. घाई, दुसरं काय. चला, एक बाटली तर गेली पोटात.

१२ मार्च

डायलिसिस. आधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते काट्यावर कळतं. सिस्टरने काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "काकू, लक्ष ठेवा हो. असं पाणी साठत राहिलं तर हृदय ऑपरेशनपर्यंत टिकायचं नाही."

मी लक्ष ठेवत नाही? मी? घरी आल्यावर ह्यांना धारेवर धरलं. म्हणतात, माझी बाटली बघ की, अर्धी शिल्लक आहे. खरंच अर्धी होती. मग काय हवेतून पितात?

१३ मार्च

नणंद रोज दुपारी येऊन बसते. तीच पाजत असणार. फोन करून सरळ विचारलं. ती उलट माझ्यावरच — माझ्या भावाला पाण्याला महाग केलंस आणि वर मलाच विचारतेस? फोन आपटला. आधी तिने की मी, माहीत नाही.

१७ मार्च

कूस ठणकतेय. सोनोग्राफी केली. खडा जिथल्या तिथे! डॉक्टरीणबाई विचारतात, पाणी पिताय ना? पितेय की हो! बाटली रोज रिकामी होते!

१८ मार्च

उभं राहवेना म्हणून दुपारीच घरी आले.

कपाट उघडं. हे खाली बसलेले. मांडीवर चादरी. तोंडाला माझी बाटली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मरायचं असेल तर सरळ सांगा, एवढं आठवतंय. ह्यांनी झाकण लावलं, घट्ट पिळलं. म्हणाले, "आधी नुसते ओठ ओले करत होतो." मग चादरींच्या घड्या घालायला लागले. वाकड्या! लाँड्रीवालीचा नवरा, आणि एक घडी येत नाही. हिसकावून घेतल्या.

मग खाली बघत म्हणाले, "नको देऊस किडनी. तुला काही झालं तर? माझं चाललंय मशीनवर."

"चाललं असतं तर माझं पाणी चोरलं असतं का?"

एक बाटली, ह्यांच्या अंगात जादा आणि माझ्या अंगात कमी. आणि मी जाब विचारला नणंदेला.

१९ मार्च

सुट्टी. म्हटलं, बघू तरी काय असतं ते. ह्यांच्याएवढीच बाटली घेऊन बसले. जेवायच्या आधीच संपली. मग जिथे तिथे पाणीच ऐकू यायला लागलं. वरच्यांची मोरी, शेजारी कोणीतरी जिना धुतंय. मुलीचा फोन आला, तिच्यावर उगाच खेकसले. संध्याकाळी सरळ नळाला तोंड लावलं.

वळून बघते तर हे दारात उभे. वाटलं, आता बोलणार काहीतरी. तर म्हणाले, "अजून पी. बघायला बरं वाटतं."

२१ मार्च

दोन्ही बाटल्या टेबलावर. निळ्या झाकणाची माझी, पांढऱ्या झाकणाची ह्यांची. लपवाछपवी बंद. तहान फारच लागली तर बर्फाचा एक खडा चघळतात, तोही त्यांच्याच बाटलीतून वजा.

आणि आता हे माझे मुकादम झालेत! लाँड्रीत फोन करून विचारतात, प्यायलीस का? मुकादमीण म्हणते, ताई, नवरा आहे की गजर? पण तळघरात जाऊ देते गुपचूप.

नणंदेला फोन केला. माफीबिफी मला जमत नाही. म्हटलं, दुपारी या आणि पत्ते घेऊन या, ह्यांचा जीव दुसरीकडे रमवा. आली. माझ्याशी बोलली नाही. पत्ते मात्र दोन जोड आणले होते.

२ एप्रिल

सिस्टरने काटा बघितला आणि आकडा लिहून घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही. वा!

११ एप्रिल

पडला!!

एवढासा. काडेपेटीत घालून ह्यांना दाखवला. ह्याने एवढं रडवलं मला? हे म्हणाले, नाव ठेव याचं. ठेवलं — मुकादमीण. हे किती दिवसांनी हसले. मग काडेपेटी मिटली आणि हातात धरून नुसते बसून राहिले.

१२ एप्रिल

चहाच्या वेळी म्हणाले, "किडनी द्यायच्या कागदावर सही नको करूस."

मी पाणी पीत होते, त्यांच्यासमोरच. ग्लास संपवला आणि मगच बोलले. "एवढं पाणी काय हौस म्हणून ढोसलं?"

२६ सप्टेंबर

टाके ओढतात अजून, जास्त वेळ बसवत नाही. आज दोघंही घरी. निघताना डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बजावलं — आता तुम्ही तीन लिटर प्यायचं, नव्या किडनीला पाणी लागतं. घरी आल्या आल्या तांब्या काठोकाठ भरून ह्यांच्यापुढे ठेवला. एक घोट घेतला आणि टेबलावर काहीतरी शोधायला लागले. इकडे बघतात, तिकडे बघतात. पांढरं झाकण शोधत होते.

म्हटलं, तांब्याला झाकण नसतं हो. प्या.