दिनकररावांनी दिलेलं उत्तर

मी, लतिका दत्तात्रय गुर्जर, वय ७२, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार गुरुग्राम, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा राघव याला तरीही शंका येईल, तर येवो.

१. राहता फ्लॅट राघवला. माझी मराठी पुस्तकं त्याने रद्दीत घालू नयेत. त्याला वाचता येत नाहीत, यात पुस्तकांचा काही दोष नाही.

२. कपाटातली सीलबंद बाटली कुणी उघडू नये. मानेसरच्या कारखान्यात आम्ही भाताच्या पेंढ्याला आम्ल आणि वाफ देऊन फरफ्युरल काढत असू; राळ बनवायला ते लागतं. ताजं असताना पाण्यासारखं दिसतं, महिन्याभरात कोऱ्या चहासारखं काळपट होतं. या बाटलीतलं एकोणीस वर्षं पाण्यासारखंच आहे. मला तिची भीती वाटते.

३. तो नमुना १४ मार्च २००७ चा. लष्करातून निवृत्त झालेले दिनकर साळुंखे पेंढा शिजवायचं मोठं भांडं आत उतरून घासत. झाकण बसलं की वाफ सोडण्याआधी बाहेरून पान्याने तीन ठोके द्यायचे, आत कुणी राहिलं असेल तर त्याने तीन परत द्यायचे, अशी आमची पद्धत. मी ठोके दिले. तीन परत आले. वाफेच्या पाइपात पाणी साचलं की असाच आवाज येतो, म्हणून मी तो पाइपचा धरला आणि वाफ सोडली. जबाबात मात्र 'उत्तर आलं नाही' असं लिहिलं. दिनकररावांच्या मृत्यूचा दोष त्यांच्याच बेफिकिरीवर गेला. ते खोटं आहे. त्यांनी उत्तर दिलं होतं.

४. तेव्हापासून रोज दुपारी स्वयंपाकघराच्या पाइपातून तीन ठोके येतात. आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे तिथे यायचे, इथेही येतात. प्लंबर महेशने भिंत फोडून पाहिली. म्हणाला, "आंटीजी, ये लाइन तो कहीं जुड़ी ही नहीं है." तेवढ्यात त्यालाही ऐकू आले. हत्यारं तिथेच टाकून तो गेला. ती त्याला परत करावीत.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर कलम ३ दिनकररावांच्या पत्नी विजयमाला यांना वाचून दाखवावं.~~

कलम ५ आज खोडलं. तोंडाने सांगायचा धीर नव्हता, म्हणून विजयमालाबाईंना साक्षीदार म्हणून बोलावून कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू, बाई? उठा, चप्पल घाला."

बाकीचं मृत्युपत्र कायम. आत जाण्यापूर्वी, दोघांच्या देखत सही करते.

लतिका गुर्जर (सही)

साक्षीदार:
विजयमाला दिनकर साळुंखे (सही)
रिंकू यादव, ज्यांच्या रिक्षाने आम्ही आलो (सही)

स्थळ: पोलीस ठाण्याची पायरी, मानेसर
दिनांक: १२ मार्च २०२६