तिच्या मेंदूतली कन्नड

अव्वा, तुझी लेक, माझी बहीण, बोलतेय, हे आधी सांगतो. कडक भाकरी थापताना तिचे शब्द अडायला लागले, मग एकदा उजवा हात झटके देत परातीवर आपटला. डोक्याच्या फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेजवळ गाठ दिसली. गावी दुधनीत तुझंही डोकं रोज पहाटे दुखायचं, उलटी झाली की उतरायचं. सगळे पित्त म्हणायचे. तू आलं चघळत चूल पेटवायचीस. तुलाही गाठच होती का, ते सांगता येणार नाही, फोटो निघालाच नव्हता. अंदाजाला मी निदान म्हणत नाही.

भवानी पेठेत मी पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. उकलून उकलून स्वतःच शिकलो. त्याच खोडीनं डॉक्टरांना सगळं विचारलं. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, तुकडा तपासल्यावर तिची जात कळते. ते म्हणाले, हिला जागं ठेवूनच गाठ काढू. कातडी बधिर करायची, हाड उचलायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. चित्रं दाखवत बारीक करंट टेकवायचा, शब्द अडला की ती जागा सोडायची.

"मराठीत विचारू ना?"

"दोन्हीत विचारा. भाकरीच्या गिऱ्हाइकाशी मराठी बोलते, माझ्याशी भांडते कन्नडात."

"मग कन्नड वाचवलीच पाहिजे की!" म्हणत त्यांनी अक्कलकोटकडची नर्स सोबत घेतली.

पुढचं त्या नर्सनंच सांगितलं. समोर गाईचं चित्र. करंट टेकतो. "गाय," तुझी लेक म्हणते. कन्नडात विचारलं तर तोंड उघडं, शब्द नाही. करंट उचलला, लगेच "आकळ". पुन्हा टेकवला, पुन्हा गप्प. तिथली चिमूटभर गाठ डॉक्टरांनी तशीच ठेवली. जन्मभर मी करंट बंद करून मोटारीला हात लावला. इथं करंटनंच दाखवलं, कुठं हात लावायचा नाही. अव्वा, तू दिलेला शब्द कुठं राहतो, ते माणसाला सापडलं! ऐकून मी बाकावरून उठलोच नाही.

उरलेल्या गाठीसाठी किरणांचा शेक झाला, गोळ्या चालू आहेत. ती पुन्हा वाढू शकते, म्हणून ठरल्या वेळी फोटो काढायचा.

तू तर कधीच गेलीस, हे पत्र पाठवायचं कुठं? आणि तुला मराठी कळायची नाही, कन्नडातच सांगायला हवं. एक कबूल करतो, मेंदूला कन्नडात काय म्हणतात ते मला येत नव्हतं. काल तुझ्या लेकीला विचारलं.

"एवढं वाचतोस अण्णा, अन् हे येत न्हाय व्हय?"

मग ती थांबली. जरा जास्तच थांबली. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो.

"मेदुळु," ती म्हणाली.