धुराड्यातून धूर न आल्याचा खुलासा

ती. युनिसअक्का हिस धाकट्या ऑरिनचा वाकून नमस्कार (वाकून हे नुसतं लिहिण्यापुरतं, खरोखर वाकलो तर उभं करायला शेजारच्या मर्लला बोलवावं लागेल, आणि मर्लला सध्या मी कशालाच बोलवत नाही. कारण पुढे येईलच).

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे फ्लोरिडात म्हणे ऐन हिवाळ्यात पंखे लावून झोपता. आमच्याकडे व्हरमाँटमध्ये दाराबाहेरचा बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलाय. तुझ्या तळ्यातली मगर अजून आहे का? तिच्यापासून जपून राहा, आणि त्या नाच शिकवणाऱ्या विधुरापासूनही. विशेष लिहिण्याचं कारण म्हणजे मी मेलेलो नाही. क्लेटनने दुसरा फोन करून तुला तसं सांगितलंच असेल, पण त्याच्या पहिल्या फोननंतर तू पाठवलेली फुलं पोचली. बरी आहेत. सख्ख्या भावाच्या मयताला थोडी मोठी टोपली शोभली असती, पण तुझा हात पहिल्यापासून आखडता, त्याला आता काय करणार. सोबतच्या चिठ्ठीवर ‘माझ्या लाडक्या भावास’ असं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

झालं असं. या हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या जुन्या शेगडीच्या धुराड्यात जाळ शिरला हे तुला ठाऊक आहे (तू तेव्हा फोनवर ‘मी सांगितलंच होतं’ असं म्हणालीस. तू काहीही सांगितलं नव्हतंस). त्यावर आमचे चिरंजीव क्लेटन हार्टफर्डहून आले आणि म्हणाले, ‘बाबा, एक तर शेगडी बदला, नाहीतर बर्लिंग्टनच्या वृद्धाश्रमात चला.’ त्या वृद्धाश्रमाची माहितीपुस्तिकाच त्याने आणली होती. तिच्यात एक म्हातारा कागदाचं बदक करत होता आणि हसत होता. अक्का, मी ज्या घरात जन्मलो, ज्या घरातून बायकोला, एडनाला, शेवटचं पोचवलं, ते सोडून मी बदकं करत बसू? मी तडक शेगडीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ही नव्या धाटणीची शेगडी घ्या, आजोबा. लाकूड निम्मं लागतं, धूर आतल्या आतच जळतो, आणि वर सरकार किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा करात सूट म्हणून देतं. सरकार मला काहीतरी देतंय हे ऐकून मी इतका हबकलो की त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग जवळची सगळी शिल्लक मोडून ती शेगडी नाताळाआधी घरात बसवली.

पहिला दीडेक महिना मी तिच्यात उरलेली अर्धओली लाकडं जाळली, तोवर सगळं ठीक होतं. ती संपली आणि फेब्रुवारीत दुकानदाराने सांगितलेली खडखडीत वाळकी लाकडं काढली. काय सांगू तुला, घर असं ऊबदार झालं की मी नुसत्या आतल्या लोकरी कपड्यांवर बसून अंडी खात होतो. कानातलं यंत्र ग्लासात होतं, कारण एकट्या माणसाला ऐकायचं काय असतं? आणि धुराड्यातून धूर म्हणशील तर एक रेघ नाही. दुकानदाराचा शब्द खरा झाला, आणि तिथेच माझा घात झाला.

आपल्या खोऱ्यातली रीत तू विसरली नसशील. सकाळी उठलं की आपली शेगडी पेटवायची आणि मग दुसऱ्यांची धुराडी बघायची. धूर आहे, म्हणजे माणूस आहे. मर्लने गोठ्यातून पाहिलं, माझ्याकडे धूर नाही. त्याने फोन केला, मला ऐकू आला नाही. आता एखाद्याने येऊन दार उघडून बघितलं असतं की नाही? (दाराला कुलूप नसतंच.) पण मर्ल पडला भित्रा. मेलेलं माणूस एकट्याने बघायला नको म्हणून त्याने लिओलाला कळवलं. आणि लिओलाला कळवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझा साखरपुडा मोडल्याचं तुझ्याआधी तिनेच गावाला सांगितलं होतं. तिने गावभर फोन केले, पाद्र्यांना कळवलं, क्लेटनला कळवलं, क्लेटनने तुला. आणि रिकाम्या हाताने मयताच्या घरी जायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी आधी स्वयंपाक केला. मी घरात मेलेलो, आणि ही माणसं आपापल्या घरी निवांत मॅकरोनी भाजत होती.

अकरा वाजता माझं दार उघडलं आणि निम्मं गाव काळे कपडे घालून, हातात झाकलेली भांडी घेऊन आत आलं. पुढे पाद्री. मी लोकरी चड्डीवर, तोंडात अंडं. पाद्र्यांनी टोपी काढली. मला तर खरंच वाटलं की आपण गेलो आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही. शेवटी लिओलाच म्हणाली, ‘ऑरिन, अरे, तू जिवंत आहेस?’ तिचा आवाज तरी आनंदाचा असावा? छे. फसवलं गेल्यासारखा होता. मर्ल म्हणाला, ‘काका, धूर नव्हता हो,’ आणि रडायलाच लागला, एवढा दांडगा बाप्या. त्याला गप्प करता करता माझी अंडी गार झाली. बाकीच्यांनी भांडी ओट्यावर ठेवली, पण लिओलाने तिचा सफरचंदाचा केक परत उचलला. म्हणाली, ‘हा मी मयतासाठी केला होता. जिवंत माणसाने आपला आपण करावा.’ असं बोलते गं एखादी? गेली घेऊन.

दुपारी क्लेटन काळा सूट घालून पोचला. मला बघून त्याने गाडीशीच काळा टाय सोडला. मग आत येऊन म्हणाला, ‘बाबा, आज खोटं निघालं. पण खरं असतं तर? हे लोक अकरा वाजेपर्यंत मॅकरोनी भाजत होते.’ मी त्याला त्यातलीच मॅकरोनी वाढली. त्याने शेवटचं सांगितलंय. रस्त्यांवरचा चिखल वाळला की तो येणार. तोवर घरात माझ्याबरोबर राहणारं कोणी मिळालं तर ठीक, नाहीतर मला बर्लिंग्टनला नेणार.

तेव्हापासून मी रोज सकाळी त्या महागड्या शेगडीत बर्चच्या झाडाचा एक ओला ओंडका घालतो. धूर व्हावा म्हणून. न धुरावणाऱ्या शेगडीसाठी शिल्लक मोडली, आणि आता ती धुरवायला ओलं लाकूड विकत घेतो. समोरची काच काळीठिक्कर पडलीय. मर्ल गोठ्यातून हात हलवतो.

आणि आता त्या करातल्या सुटीची गोष्ट ऐक, बसून ऐक. शेगडीची पावती घेऊन मी वाचनालयात फिस्कबाईंकडे गेलो. त्या निवृत्त मास्तरीण, म्हाताऱ्यांचे कराचे कागद फुकट भरून देतात. त्यांनी माझं सगळं बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला काहीच मिळणार नाही. सूट तुमच्या करातून वजा होते, आणि तुमच्या तुटपुंज्या पेन्शनवर कर बसतच नाही.’ अक्का, मी कर भरत नाही हे मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो! म्हटलं, ‘मग मला थोडा लावा की.’ त्या म्हणाल्या, ‘कर असा मागून मिळत नसतो.’ म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सरकार सूट देणार, आणि ज्याने शिल्लक मोडली त्याला ठेंगा. मी तिथे असा आवाज चढवला की पुस्तकं वाचणाऱ्या दोन बायका उठून गेल्या. फिस्कबाईंनी मला पाणी दिलं.

असो. थोरल्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण आपल्याहून थोरलं आता कोणी उरलेलं नाही. तूच घे.

तुझा,
ऑरिन

ता. क. तुझ्या पेन्शनवर कर बसतो असं तू मागे कुरकुरत होतीस. माझ्या मनात एक साधा हिशेबी विचार आला. तू इथे राहायला आलीस, तर शेगडी तुझ्याही घरातली होईल आणि सूट तुला घेता येईल. मी हे निव्वळ तुझ्या फायद्यासाठी सुचवतोय. दक्षिणेकडची खोली रिकामी आहे.

ता. क. २. आत्ताच फिस्कबाईंना फोन करून विचारलं. तसं चालत नाही म्हणाल्या. शेगडी मागच्या वर्षी मी एकट्याने घेतलेली, तिच्यावर आता तुला दमडीची सूट मिळणार नाही. तेव्हा वरचा मजकूर खोडला असं समज. खोली मात्र मी झाडून ठेवलीय.

ता. क. ३. आपलं पटत नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून तू माझ्या भांडी घासण्यावर बोलायला लागशील, आणि मी चिडेन. तरी ये. मर्लला धूर दिसतो आणि त्याला वाटतं, म्हातारा बरा आहे. मी बरा नाही, अक्का. नुसता जिवंत आहे. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळव. फोनवर म्हणालीस तर मला ऐकू आलं नाही असं मी सांगेन, आणि स्टेशनवर तुला घ्यायला येईन.